सांगू नका!

मे महिन्यात ग्वाल्हेरला दुपारी बाराच्या पुढे रस्त्यावर चिटपाखरू नसतं. लू सुटलेली असते, शाळांना सुट्टी असते आणि घरोघरी मुलं कूलरसमोर फोन घेऊन पडलेली असतात. शहराच्या लष्कर भागातल्या आमच्या जुन्या वाड्याची ओसरी जाड भिंतींमुळे त्यातल्या त्यात गार राहते. गेली काही वर्षं सुट्टीत आसपासची मुलं तिथे जमतात. मी फरशीवर खडूनं घरं आखते, त्यात रिकाम्या काडेपेट्या मांडते, एक सोंगटी ठेवते आणि बाजूला पन्ह्याचं भांडं. आमची कोड्यांची बैठक ती एवढीच.

गेल्या मे महिन्यात एक नववीतली मुलगी एका मांडणीपाशी पाऊण तास बसून होती. तिच्या आधी दोघं हात टेकून उठले होते. तिचं पन्हं कोमट झालं. मी जवळ जाऊन म्हटलं, "एक छोटीशी खूण सांगू का?" वर न बघता ती म्हणाली, "सांगू नका, काकू. बिल्कुल सांगू नका."

तिच्या शेजारीच एक सातवीतला मुलगा फोनवर कोड्यांचा खेळ खेळत होता. तोही अडकला होता. स्क्रीनच्या कोपऱ्यात दिव्याचं चित्र होतं, त्यावर बोट ठेवलं की खूण मिळते. त्यानं बोट ठेवलं, जाहिरात बघितली, खूण घेतली, पुढच्या पातळीवर गेला, पुन्हा अडकला, पुन्हा बोट ठेवलं. आपण कोडं सोडवलं असं त्याच्या चेहऱ्यावर कुठेच दिसत नव्हतं.

चांगलं कोडं कोणतं, या प्रश्नाचं माझ्याजवळचं उत्तर त्या दुपारी पक्कं झालं. ज्यात अडकलेला माणूस ‘सांगू नका’ म्हणतो, ते चांगलं. ज्यात अडकलेला माणूस ‘सांगून टाका एकदाचं’ म्हणतो, ते वाईट. दोघंही अडकलेलेच असतात, पण एकाला भरवसा असतो की वाट इथेच आहे आणि ती मला सापडण्याजोगी आहे. दुसऱ्याचा तो भरवसा गेलेला असतो. हा भरवसा कसा उभा राहतो आणि आज तो कोण मोडतंय, हे मला लिहायचं आहे, कारण आपल्या मुलांच्या हातात रोज कोडी पडत आहेत आणि ती कोण, कशासाठी बनवतंय याची विचारपूस आपण पालक मंडळी करत नाही.

ग्वाल्हेरच्या मराठी मुलांची भाषा दोन घरची. गल्लीत ‘पहेली बूझो’ आणि घरात ‘कोडं सोडव’. मराठीत आपण कोडं ‘घालतो’. ते सुटतं, उलगडतं. गाठही सुटते आणि गुंडीही सुटते. म्हणजे ज्यानं गाठ मारली, त्यानं ती सुटेल अशीच मारली असणार, हे आपण शब्दातच धरून चाललो आहोत. न सुटणाऱ्या गाठीला मराठीत निरगाठ हा वेगळा शब्द आहे.

आजीनं घातलेलं एक कोडं घ्या: बत्तीस चिरे, त्यात नागीण फिरे. उत्तर जीभ. आता मागे वळून शब्द तपासा. बत्तीस हा आकडा सरळ समोर ठेवलेला आहे, लपवलेला नाही. दात म्हणजे चिरे, घडवून ओळीत बसवलेले दगड. आमच्या किल्ल्याचा तट बघितलेल्या मुलाला हे सांगावं लागत नाही. नागीण फिरते, पण चिऱ्यांच्या आतच फिरते. एकही शब्द वाया गेलेला नाही आणि एकही शब्द खोटा नाही. उत्तर कळल्यावर मूल कपाळावर हात मारतं. आकडा ऐकला होता, पण आपण त्याच्याकडे बघितलं नाही, हे त्याला उमगतं. कोड्यातला आनंद त्या कपाळावरच्या हातात असतो. जे हवं होतं ते सगळं माझ्यापाशी होतं आणि तरी मला दिसलं नाही, ही जाणीव त्यात असते. यातला ‘सगळं माझ्यापाशी होतं’ हा भाग काढून टाकला तर उरते ती फक्त फसवणूक.

फसवणुकीचा अनुभव मी लहानपणी घेतला आहे. ग्वाल्हेरचा व्यापार मेळा १९०५ साली माधवराव शिंद्यांनी सुरू केला. थंडीतला तो मेळा म्हणजे आमच्यासाठी वर्षाचा सण. तिथून मी एकदा सरकत्या आकड्यांची प्लॅस्टिकची चौकट आणली. चार गुणिले चारची घरं, त्यात १ ते १५ आकडे आणि एक घर रिकामं. आकडे विस्कटायचे आणि सरकवत सरकवत पुन्हा ओळीनं लावायचे. मला ते छान जमायला लागलं, तेव्हा माझ्या थोरल्या भावानं चाकूच्या टोकानं दोन आकडे उचकटले आणि १४ व १५ ची अदलाबदल करून ते परत बसवले. मग सगळं विस्कटून माझ्या हातात दिलं. मी आठवडाभर झटले. प्रत्येक वेळी तेरापर्यंत सगळं बरोबर आणि शेवटी १५, १४. रात्री रडले. भावानं शेवटी खरं काय ते सांगितलं, पण त्यानंतर कितीतरी महिने मी त्या चौकटीला हात लावला नाही. गंमत संपली होती म्हणून नव्हे. प्रत्येक खेपेला मनात येई, आताही कुणी आकडे उचकटले असतील तर?

पुढे गणित शिकवायला लागले तेव्हा कळलं की माझ्या भावानं जे केलं ते साऱ्या जगासोबत होऊन गेलं होतं. हा खेळ न्यूयॉर्क राज्यातल्या कॅनास्टोटा गावच्या नॉयेस चॅपमन या पोस्टमास्तरांनी काढला, आणि १८८० साली अमेरिकेत व युरोपात त्याचं वेड पसरलं. सॅम लॉइड या अमेरिकन कोडेकारानं नंतर तो आपल्या नावावर सांगितला, आणि १४ व १५ ची अदलाबदल सोडवणाऱ्याला हजार डॉलरचं बक्षीसही लावलं. बक्षीस कुणालाच मिळणार नव्हतं, कारण जॉन्सन आणि स्टोरी या दोघांनी १८७९ मध्येच ते अशक्य असल्याचं गणितानं दाखवलं होतं. सिद्धता इतकी सोपी आहे की मी ती आठवीच्या मुलांना ओसरीवर दाखवते. चौकटीची घरं बुद्धिबळाच्या पटासारखी काळी-पांढरी रंगवा. दर सरकीला, म्हणजे एकदा आकडा सरकवला की, रिकामं घर काळ्यावरून पांढऱ्यावर किंवा पांढऱ्यावरून काळ्यावर जातं. म्हणजे ते आपल्या मूळ कोपऱ्यात परत यायचं तर सरकींची संख्या सम हवी. दर सरकी म्हणजे रिकाम्या घराची आणि एका आकड्याची अदलाबदल, म्हणून एकूण अदलाबदलीही समच. आणि फक्त १४ व १५ उलटे करणं ही एक अदलाबदल, विषम. संपलं. सोळा घरांच्या सुमारे एकवीस लाख कोटी मांडण्यांपैकी बरोबर निम्म्या मांडण्या सरकवून कधीच मिळत नाहीत.

मुलांना ही सिद्धता समजली की त्यांचे डोळे चमकतात. तेच अशक्य कोडं, पण आता प्रश्न बदललेला असतो. ‘हे लाव’ याऐवजी ‘हे का लागत नाही ते शोध’. दुसऱ्या प्रश्नाला उत्तर आहे, म्हणून ते प्रामाणिक कोडं. पहिल्याला नाही आणि ते माहीत असून घातलं, म्हणून ती लबाडी. चौकट तीच, आकडे तेच. फरक पडतो तो घालणाऱ्याच्या मनात काय आहे यानं.

इथे थोडं आडवळण घेते. ग्वाल्हेरच्या किल्ल्यावर पूर्वेच्या चढणीनं जाताना कातळात कोरलेलं लहानसं चतुर्भुज मंदिर लागतं. आतल्या शिलालेखावर संवत ९३३ आहे, म्हणजे इसवी सन ८७६. देवाच्या फुलबागेची जागा २७० हात लांब आणि १८७ हात रुंद, रोज ५० माळा, असं त्यात नोंदलं आहे. २७० आणि ५० मधलं शून्य आपण आज लिहितो तसंच, छोट्या गोल वर्तुळासारखं आहे. मी दर वर्षी मुलांना तिथे नेते. ‘काहीच नाही’साठी एक जागा राखून ठेवायची, आणि त्या जागेमुळे शेजारच्या आकड्यांना अर्थ यायचा. सरकत्या चौकटीतलं सोळावं घर अगदी हेच करतं. ते भरून टाका, चौकट थिजेल. कोडं बनवणाऱ्यानं किती भरलं यापेक्षा खेळणाऱ्यासाठी किती जागा रिकामी ठेवली, हे मी त्या दगडापुढे उभी राहून पुन्हा पुन्हा शिकले आहे.

आता वाईट कोड्याचा दुसरा प्रकार. याला उत्तर असतं, पण ते बनवणाऱ्याच्या डोक्यात असतं, कोड्यात नसतं. १९९९ साली आलेल्या ‘गॅब्रिएल नाइट ३’ या संगणकीय साहसी खेळात नायकाला दुसऱ्या माणसाच्या नावावर मोटारसायकल भाड्यानं घ्यायची असते. त्यासाठी खेळणाऱ्यानं भोकाशी चिकटपट्टी लावून मांजराला तिथून पळवायचं, पट्टीला लागलेले केस काढायचे, पाकाच्या पुडीनं ते ओठावर चिकटवून मिशी करायची. आणि ज्याचं सोंग घ्यायचं त्या माणसाला मुळात मिशी नाही, म्हणून त्याच्या पासपोर्टवरच्या फोटोला पेनानं मिशी काढायची! त्या खेळाच्या बाकीच्या भागांवर लोकांनी प्रेम केलं, पण ही मिशी आजही वाईट कोड्याचा दाखला म्हणून सांगितली जाते. तर्कानं तिथे पोचताच येत नाही. प्रत्येक वस्तू प्रत्येक वस्तूवर घासून बघायची आणि काहीतरी घडेल अशी वाट बघायची. असं ‘सुटलं’ तरी कपाळावर हात जात नाही, खांदे उडवले जातात.

काडेपेट्यांचा खेळ मी फार शोधून निवडला. मूळ खेळ जपानी आहे, नाव ‘सोकोबान’, म्हणजे गोदामाचा राखणदार. हिरोयुकी इमाबायाशी यांनी तो केला आणि १९८२ मध्ये तो संगणकावर विकायला आला. नियम इतके थोडे की सहा वर्षांच्या मुलाला एका दमात सांगता येतात. सोंगटी चारी दिशांना एकेक घर चालते. पुढे पेटी असली तर ती ढकलली जाते. एका वेळी एकच पेटी. पेटी ओढता येत नाही. सगळ्या पेट्या खुणेच्या घरांवर पोचल्या की झालं.

सगळा जीव ‘ओढता येत नाही’ या तीन शब्दांत आहे. ओढायची मुभा दिली तर चूक झाल्यावर पेटी मागे घेता येईल आणि विचार करायची गरज बरीचशी सरेल. ओढता येत नाही म्हणून कोपऱ्यात गेलेली पेटी कायमची मेली. भिंतीला टेकलेली पेटी भिंतीच्या कडेकडेनंच सरकणार. त्या भिंतीला लागून खुणेचं घर नसेल तर तीही मेली. मी हे दोन्ही मुलांना कधीच सांगत नाही. पहिल्या मांडणीत एकच पेटी असते आणि जवळच एक कोपरा असतो. मूल पेटी कोपऱ्यात घालतं, सोंगटी चारी बाजूंनी फिरवून बघतं आणि स्वतःच म्हणतं, "अरे, ये तो फँस गई." नियम मी सांगितला होता, त्याचा परिणाम त्यानं शोधला. पुढच्या मांडणीत ते कोपऱ्यापासून दोन हात लांब राहतं.

त्या नववीतल्या मुलीला छळणारी मांडणी अशी होती. एक अरुंद बोळ, बोळाच्या टोकाशी दोन खुणेची घरं एकामागे एक. एक पेटी बोळाच्या तोंडाशीच, दुसरी लांब. कुणालाही वाटतं की जवळची पेटी आत सरकवून टाकावी. ती आत जाते, पण बोळाच्या शेवटापर्यंत न्यायची तर सोंगटीला बोळात शिरावं लागतं, आणि मांडणीच्या एका वळणामुळे या बाजूनं ढकललेली पेटी पहिल्याच खुणेवर अडते. झालं, मागचं घर बंद. खरी वाट अशी की जवळची पेटी आधी घरापासून लांब, उलट्या दिशेला ढकलायची, अगदी भिंतीपासून एक घर अलीकडे थांबवायची, लांबची पेटी आत न्यायची आणि मग पहिली परत आणायची. जिंकण्यासाठी आधी ध्येयापासून दूर जायचं हे मनाला पटत नाही. हात तिकडे वळतच नाही. दहा घरांच्या आखणीत, दोन काडेपेट्यांत एवढा झगडा मावतो.

ही मांडणी मला एका बैठकीत जमली नाही. पहिल्या आखणीत बोळाशेजारी एक घर जादा राहून गेलं होतं. सहावीतल्या एका मुलानं त्या घरातून सोंगटी वळवून दोन मिनिटांत कोडं संपवलं. उलट्या दिशेला जाण्याची गरजच त्याला पडली नाही. मी त्याचं कौतुक केलं आणि रात्री ते घर पुसलं. कोडं घडवणं म्हणजे बरंचसं पुसणंच असतं. जे घर नसलं तरी चालेल, ते नसावं. लोकांना वाटतं की कोडं अवघड करायचं तर भर घालावी, जास्त पेट्या, मोठी आखणी, चार खोटे रस्ते. माझा अनुभव उलटा आहे. मोठ्या आखणीत मूल हरवतं, लहान आखणीत ते अडकतं. हरवणं कंटाळवाणं आहे. अडकण्यात लक्ष एका जागी गोळा होतं. (एकदा मात्र एका मुलीनं माझ्यापेक्षा देखणी वाट काढली. तेव्हा मी काही पुसलं नाही, माझं उत्तर रद्द केलं.)

सुडोकूचंही असंच. कमी आकडे दिले की कोडं अवघड, असा समज आहे. एकच उत्तर निघण्यासाठी निदान १७ आकडे द्यावेच लागतात हे २०१२ मध्ये संगणकाच्या मदतीनं सिद्ध झालं. पण १७ आकड्यांचं कोडं सोपं असू शकतं आणि तिसाचं घाम काढू शकतं. सुडोकूचा मूळ आराखडा अमेरिकेतल्या हॉवर्ड गार्न्स यांचा, १९७९ सालचा, आणि नाव व रुबाब दिला तो १९८४ पासून जपानच्या निकोली या प्रकाशनानं. निकोलीची कोडी माणसं हातानं रचतात. यंत्रानं पाडलेलं आणि हातानं रचलेलं सुडोकू लागोपाठ सोडवून बघा. हातच्यात कुणीतरी पलीकडे बसलंय असं जाणवतं. त्यानं एक दार मुद्दाम उघडं ठेवलेलं असतं आणि तुम्ही ते शोधावं म्हणून तो वाट बघत असतो.

वाट बघणं हे या कामातलं सगळ्यात अवघड कौशल्य. मूल अडकलं की शिक्षकाची जीभ वळवळते. मला बोट चावून गप्प बसायला दोन उन्हाळे लागले. मोठ्या खेळांमागेही हेच गप्प बसणं आहे. ‘पोर्टल’ हा २००७ चा खेळ बनवताना व्हॉल्व्ह कंपनीची मंडळी बाहेरच्या लोकांना खेळायला बसवून मागून बघत असत आणि लोक जिथे भलतंच समजत तिथे खोली नव्यानं बांधत. त्या खेळात भिंतीला दोन दारं पाडता येतात, एकातून शिरून दुसऱ्यातून निघायचं. पण सुरुवातीला खेळणाऱ्याच्या हातात काहीच देत नाहीत, दुसऱ्यानं पाडलेल्या दारांतून चालायला लावतात. मग एक दार पाडता येईल असं यंत्र देतात. दोन्ही दारं बऱ्याच उशिरा. जोनाथन ब्लो यांच्या २०१६ सालच्या ‘द विटनेस’मध्ये तर कोड्यांचे नियम सांगणारा एकही शब्द नाही, पाट्यांची ओळच शिकवत नेते. आपल्याकडे पहिल्या इयत्तेत पाटीवर अक्षर गिरवून घेणारी बाई जे करत असे, त्याहून हे फार वेगळं नाही.

आपल्या भाषेत असे खेळ करायला हवेत हे मी नुसतं म्हणत नाही, करून बघितलं आहे. पाच अक्षरी इंग्रजी शब्द सहा प्रयत्नांत ओळखायचा तो ‘वर्डल’ सगळ्यांना माहीत आहे. जॉश वॉर्डल यांनी तो २०२१ मध्ये लोकांपुढे ठेवला. अक्षर बरोबर जागी असलं तर हिरवं, शब्दात आहे पण जागा चुकली तर पिवळं, नाहीतर करडं. हे मराठीत आणताना मी पहिल्याच शब्दाला अडले. लपवलेला शब्द ‘पुस्तक’. मराठी शब्दकोड्याच्या रिवाजानं तीन घरं: पु, स्त, क. मुलानं ओळखलं ‘पालक’. क हिरवा, हे ठीक. पण पहिलं घर? प बरोबर, काना चुकला, उकार हवा होता. हिरवं म्हणावं तर खोटं, करडं म्हणावं तर त्याहून खोटं. इंग्रजीच्या तीन रंगांत मराठीचं अक्षर मावतच नाही. शेवटी आम्ही कागदावर अर्धं घर रंगवायला लागलो: व्यंजन बरोबर, स्वर चुकला. मुलांनी त्याला ‘अर्धा हिरवा’ नाव दिलं. जोडाक्षरात काय करायचं यावर आमचं अजून एकमत नाही. ‘स्त’मधला स सापडला तर तो पाव हिरवा का, असं धाकट्यांचं म्हणणं आहे. लिपीचा स्वभाव ओळखून खेळ घडवला तर तो खेळ लिपीही शिकवतो. ज्या घरांतली मुलं मराठी बोलतात पण शाळेत हिंदी-इंग्रजीच लिहितात, त्यांना उकार आणि वेलांटीकडे टक लावून बघायला लावणारं दुसरं काही मला अजून सापडलेलं नाही.

वर्डलची आणखी एक गोष्ट मला मोलाची वाटते. दिवसाला एकच कोडं. ते सुटलं की खेळ स्वतःच म्हणतो, आता उद्या ये. त्याला तुमचं पाच मिनिटांपेक्षा जास्त लक्ष नको होतं.

आता त्या सातवीतल्या मुलाच्या फोनकडे परत येते. फुकटात मिळणाऱ्या कोड्यांच्या कितीतरी खेळांचा हिशेब असा असतो: पहिल्या वीस-तीस पातळ्या पाणी पिण्याइतक्या सोप्या. मग एक भिंत. ठरावीक ‘जीव’ असतात, ते संपले की अर्धा तास थांबा, नाहीतर पैसे भरा. खूण हवी, जाहिरात बघा. पाच चाली जादा हव्यात, पैसे भरा. बऱ्याच खेळांत रंगांचे ठोकळे वरून कसे पडतील हे नशिबावर असतं, म्हणजे ती पातळी त्या खेपेला सुटण्याजोगी होती की नव्हती हे मुलाला कधीच कळत नाही. माझ्या भावानं चाकूनं आकडे उचकटले होते. इथे प्रत्येक खेपेला कुणी उचकटतंय की नाही हे बघायची सोयच ठेवलेली नाही.

माझं म्हणणं इथे अगदी नेमकं आहे. पैसे कमावण्याला माझी हरकत नाही. पुस्तक विकत घ्यावं लागतं, खेळही घ्यावा. हरकत आहे ती कशाचे पैसे मिळतात याला. कोडं घालणारा हरण्यासाठीच डाव मांडतो. तुम्ही जिंकावं, पण सुखासुखी जिंकू नये, एवढंच त्याला हवं असतं. ज्या दिवशी त्याची कमाई तुमच्या अडकण्यावर ठरते, त्या दिवशी तो तुमच्या बाजूचा राहत नाही. मग पातळी कुठे कठीण करायची हे विचार ठरवत नाही, वसुली ठरवते. बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात, म्हणूनच पालकांना फरक कळत नाही.

या धंद्याची जाहिरातही तशीच. खिळे ओढून नायकाला वाचवायचं सुंदर कोडं जाहिरातीत दाखवायचं आणि खेळ उतरवून घेतला की आत ठोकळे जुळवायचे. ब्रिटनच्या जाहिरात नियामक संस्थेनं २०२० मध्ये अशा दोन जाहिराती दिशाभूल करणाऱ्या ठरवून बंद केल्या. आपल्याकडे २०२५ मध्ये ऑनलाइन गेमिंगचा कायदा आला आणि पैसे लावून खेळायच्या खेळांवर बंदी आली. ते योग्यच झालं. पण तो कायदा पैसे मिळण्याच्या आशेनं पैसे लावण्याबद्दल आहे. अडकलेल्या मुलाला आधी अडकवून मग वाट विकणं त्यात बसत नाही. मला वाटतं, मुलांसाठी म्हणून दिल्या जाणाऱ्या खेळांवर निदान एक ओळ ठळक छापणं सक्तीचं असावं: हा खेळ एकही पैसा न भरता आणि एकही जाहिरात न बघता शेवटपर्यंत सुटतो की नाही. डब्यावर शाकाहाराचा हिरवा ठिपका किंवा मांसाहाराचा तपकिरी त्रिकोण छापायची सक्ती आपण करू शकतो, तर हेही करू शकतो.

यावर मला दोन उत्तरं नेहमी मिळतात. एक म्हणजे, खूण मागण्यात वाईट काय? काहीच नाही. मीही खुणा देते. पण माझी खूण म्हणजे त्याच अडचणीचं छोटं कोडं असतं. बोळाच्या मांडणीत कुणी फारच थकलं तर मी शेजारी एकच पेटी असलेली तीन घरांची आखणी काढते, जिच्यात मागे ढकलल्याशिवाय पुढे जाता येत नाही. ती सोडवून मूल मोठ्या मांडणीकडे वळतं. खूण मिळाली तरी वाट त्याचीच राहते. ज्या खुणेनंतर करायला काही उरत नाही ती खूण नसते, ते उत्तर असतं.

दुसरं उत्तर जास्त जिव्हारी लागतं. आमच्याकडच्या आया विचारतात, याचा दहावीला, जेईईला उपयोग काय? मी खोटं बोलत नाही. काडेपेट्या ढकलल्यानं मार्क वाढतात असा दावा मी करणार नाही. वीस वर्षं गणित शिकवताना मी मात्र एक गोष्ट सतत बघितली. शिकवणीत मुलांना गणितांचे ‘टाइप’ देतात. आधी युक्ती, मग त्या युक्तीची पन्नास उदाहरणं. पन्नास टाइप पाठ असलेलं हुशार मूल एक्कावन्नाव्यापाशी पेन खाली ठेवतं आणि म्हणतं, "ये करवाया नहीं." दोन मिनिटंसुद्धा झगडत नाही, कारण अडकणं म्हणजे आपलं काहीतरी चुकलं असंच त्याला माहीत असतं. त्यात त्याचा दोष नाही. परीक्षेतला प्रश्न खरोखरच गाळण्यासाठी असतो आणि घड्याळ डोक्यावर असतं. म्हणूनच त्याच्या आयुष्यात असं काहीतरी असायला हवं जे त्यानं सुटावं म्हणून रचलेलं आहे आणि जिथे घड्याळ नाही. अडकूनही सुखरूप असण्याचा अनुभव त्याला दुसरीकडे कुठे मिळणार? तो मिळण्याचा शेवटचा कोपरा म्हणजे खेळ, आणि तोच आपण दिव्याच्या चित्रावर बोट ठेवायला लावणाऱ्यांच्या ताब्यात दिला आहे.

ग्वाल्हेरच्या मराठी वस्तीत अजून वाडे आहेत, मंगल कार्यालयं आहेत, गणेशोत्सवाची मंडळं आहेत. दहा दिवसांत वेशभूषा, पाठांतर, चित्रकला होते. एक दिवस कोड्यांचा ठेवावा, आणि त्यात मुलांनी कोडी सोडवू नयेत, घालावीत. मी हे ओसरीवर करून बघितलं आहे. स्वतः रचायला बसलं की मुलाला पहिल्याच तासात दोन गोष्टी कळतात: न सुटणारं कोडं करणं किती सोपं आहे, आणि ते घातल्यावर समोरचा किती पटकन उठून जातो. पहिल्या दिवशी सगळे एकमेकांना चीत करायला बघतात. तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून ते मैत्रिणीच्या चेहऱ्याकडे बघायला लागतात.

बोळाची ती मांडणी त्या दुपारी सुटली नाही. साडेसहाला ऊन उतरलं, मुलं पांगली, आणि मी ओला फडका घेऊन फरशीकडे वळले, कारण रात्री तिथे अंथरुणं पडतात. ती मुलगी चप्पल घालून दारापर्यंत गेली होती. तिथून परत आली, पेट्या पहिल्या घरांवर नीट मांडल्या, सोंगटी आपल्या जागी ठेवली आणि म्हणाली, "काकू, हे पुसू नका. उद्या सकाळी लवकर येते."

अंथरुणं त्या रात्री आतल्या खोलीत घातली.